पुस्तक सर्वांच्या हाती एकाच दिवशी

वाचकाचे पत्र

"मी सातवीला विज्ञान आणि गणित शिकवते. माझ्या वर्गातील एका मुलीची दृष्टी हळूहळू कमी होत चालली आहे; अक्षरे मोठी असली की ती वाचते आणि आता ब्रेलही शिकू लागली आहे. एक मुलगा वाचताना फार अडखळतो, तपासणीत त्याला डिसलेक्सिया असल्याचे निदान झाले आहे. तिसऱ्या मुलाला श्रवणयंत्र लावूनही कमी ऐकू येते. मी रात्री बसून तिघांसाठी वेगवेगळ्या कार्यपत्रिका तयार करते, पण त्या त्यांच्या हाती पडेपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असतो. सहकारी म्हणतात की हे फाजील लाड आहेत आणि धडा ऐकवत राहिले तर तो मुलगा वाचायला कधीच शिकणार नाही. पुस्तकाची पाने स्कॅन करून देणे कायद्यात बसते का, हीही शंका मनात असते. मी दमले आहे आणि तरीही मुलांना पुरी पडत नाही. सुरुवात नेमकी कुठून करू?" — एक शिक्षिका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पत्रिका हाती पडेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो, हे तुमचे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले, कारण तुम्ही ते ओघात लिहिले असले तरी तुमच्या अडचणीचे मूळ मला तिथेच दिसते. मी विशेष शिक्षिका म्हणून काम करीत असताना माझ्या एका विद्यार्थ्याला ब्रेलमधील धडा वर्गात शिकवून झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मिळत असे. एकदा मी त्याच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. त्याने समोर जुन्याच कुठल्या तरी धड्याचे ब्रेल पुस्तक उघडून ठेवले होते आणि वर्गात पाने उलटल्याची सळसळ झाली की तोही एक पान उलटत होता. त्याच्या बोटांखाली त्या दिवसाचा एकही शब्द नव्हता. पुढे तो धडा त्याला मिळाला, आम्ही नोंदवहीत 'साहित्य दिले' असे लिहिलेही. पण प्रश्न विचारण्याची, चुकीचे उत्तर देऊन दुरुस्त होण्याची, शेजारच्याशी वाद घालण्याची जी वेळ असते, ती टळून गेली होती.

म्हणून माझा सल्ला असा की, साहित्य किती सुंदर झाले यापेक्षा ते इतरांबरोबर, त्याच तासाला मिळाले की नाही, ही पहिली कसोटी ठेवा. ती पाळायची असेल तर आजची पद्धत उलटी करावी लागेल. आज तुम्ही आधी सर्वांसाठी पत्रिका करता आणि मग तिच्या तीन वेगळ्या आवृत्त्या काढता. त्याऐवजी मूळ पत्रिकाच अशी टंकलिखित करा की तिच्यातून मोठी अक्षरे, आवाज आणि ब्रेल हे तिन्ही फारशा खटपटीशिवाय निघावेत. हे जमते आणि त्यासाठी महागडी यंत्रेही लागत नाहीत; लागते ती टंकलेखनाची थोडी शिस्त.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर सर्व संगणकांना सारखेच ओळखता येईल अशा पद्धतीत, असणे. आपल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या शेकडो पत्रिका आणि प्रश्नपत्रिका अजूनही फिरत असतात. त्या डोळ्यांना देवनागरी दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, तो मुखवटा पाहू शकत नाही. ती खालची निरर्थक अक्षरे वाचत सुटते. ब्रेलमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रणालीचेही तेच होते. तपासायची युक्ती सोपी आहे: पत्रिकेतील एक ओळ कॉपी करून फोनवरच्या संदेशात चिकटवा. मराठी तसेच राहिले तर मजकूर युनिकोड आहे; चित्रविचित्र रोमन अक्षरे उमटली तर ती पत्रिका तुमच्या विद्यार्थिनीच्या कामाची नाही आणि ती नव्याने टंकलिखित करणे किंवा रूपांतरकातून काढून नीट तपासणे भाग आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पानाचा फोटो हे साहित्य नव्हे. पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र काढून त्याची पीडीएफ पाठवली की आपल्याला काम झाल्यासारखे वाटते, परंतु स्क्रीन रीडरला त्यात एकच चित्र दिसते आणि मुलीला ऐकू येते ते 'चित्र' किंवा नुसती शांतता. फाइल उघडून त्यातील एखादा शब्द बोटाने किंवा माउसने निवडून पाहा. शब्द निवडला जात नसेल तर तो मजकूर नाही, फोटो आहे. फोटोतून अक्षरे ओळखून काढणारी साधने मराठीसाठीही उपलब्ध आहेत आणि ती बरीच सुधारली आहेत, तरी त्यांनी काढलेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय मुलांना देऊ नका. 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' व्हायला वेळ लागत नाही आणि विज्ञानाच्या धड्यात अशा एका अक्षराने अर्थ पालटतो.

तिसरी गोष्ट शीर्षकांची. आपण शीर्षक लिहितो तेव्हा अक्षर जाड आणि मोठे करून मोकळे होतो. डोळ्यांनी वाचणाऱ्याला तेवढे पुरते. कानाने वाचणाऱ्याला मात्र पत्रिकेचा सांगाडा कळावा लागतो आणि तो तेव्हाच कळतो, जेव्हा वर्ड प्रोसेसरमधील 'हेडिंग' ही शैली वापरून शीर्षक दिलेले असते. मग ती मुलगी एका कळीसरशी 'प्रश्न तिसरा' येथे उडी मारू शकते. नाहीतर 'तिसरा प्रश्न काढा' असे तुम्ही म्हणाल आणि ती पहिल्या ओळीपासून ऐकत बसेल. तुमच्या शाळेत संगणक असेल तर त्यावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य बसवता येतो आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असतो. एकदा स्वतः डोळे मिटून तुमचीच पत्रिका त्यावर ऐकून पाहा. कुठे काय बिघडले आहे हे दहा मिनिटांत लक्षात येईल.

आता मोठ्या अक्षरांविषयी. पत्रिका झेरॉक्स यंत्रावर मोठी करून देण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि मला ती कधीच पटलेली नाही. कागद बाकावर मावत नाही, मूळ छपाईतले डाग आणि धूसरपणाही तितकाच मोठा होतो आणि उकार, रफार, अनुस्वार हे देवनागरीचे खरे नाजूक भाग त्यात फुटतात किंवा पुसट होतात. त्यापेक्षा मूळ फाइलमध्येच अक्षराचा आकार वाढवा, म्हणजे ओळी नव्याने जुळतील आणि कागद नेहमीच्याच मापाचा राहील. साधारणपणे अठरा पॉइंटपासून पुढे मोठी छपाई मानतात, परंतु देवनागरीचे फॉन्ट एकाच आकड्याला लहानमोठे दिसतात, त्यामुळे आकडा पुस्तकातून घेऊ नका, मुलीकडून घ्या: चार आकारांत तोच परिच्छेद छापून तिला वाचायला द्या आणि ती न थकता कोणता वाचते ते पाहा. ओळींतील अंतर सढळ ठेवा, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकली की कमी दिसणाऱ्या डोळ्यांना तो गुंता सोडवावा लागतो. फिकट राखाडी किंवा रंगीत अक्षरे टाळा. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका फरक सांगितला आहे आणि पांढऱ्या कागदावरची काळी छपाई त्याच्या कितीतरी पुढे असते. काही मुलांना पांढऱ्या कागदाची चकाकी सहन होत नाही, त्यांना फिकट पिवळसर कागद बरा वाटतो. तेही विचारून ठरवा.

तुमचा खरा वेळ आकृत्यांमध्ये जाईल आणि तो तिथेच जाऊ द्यावा असे मला वाटते. विज्ञानाच्या पुस्तकात अर्धा आशय आकृतीत असतो. हृदयाच्या आकृतीखाली 'हृदयाची रचना' एवढेच लिहिलेले असेल तर न दिसणाऱ्याला त्यातून काहीही मिळत नाही. वर्णन लिहिताना आकृती कशी दिसते यापासून सुरुवात करू नका. या आकृतीतून मुलांनी काय शिकावे असे मला वाटते, हे आधी स्वतःला विचारा. मी लिहिले असते ते असे: 'हृदयाचा उभा छेद. आत चार कप्पे आहेत. वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. मधल्या उभ्या पडद्याने उजवी आणि डावी बाजू वेगळी झाली आहे. आकृतीत समोरच्या माणसाचे हृदय दाखवले आहे, म्हणून हृदयाची उजवी बाजू पानाच्या डावीकडे येते. शरीरातून आलेले रक्त महाशिरांतून उजव्या कर्णिकेत, तिथून उजव्या जवनिकेत आणि पुढे फुफ्फुस धमनीतून फुफ्फुसांकडे जाते. फुफ्फुसांतून परतलेले रक्त डाव्या कर्णिकेत, मग डाव्या जवनिकेत येते आणि महाधमनीतून शरीरभर जाते. डाव्या जवनिकेची भिंत सर्वांत जाड आहे.' यात रंगांचा उल्लेख नाही, कारण लाल आणि निळा हा केवळ छपाईचा संकेत आहे. उजव्या-डाव्याची अदलाबदल मात्र मुद्दाम सांगितली आहे, कारण डोळस मुलेही तिथे हमखास चुकतात. असे वर्णन वर्गात मोठ्याने वाचून दाखवले तर त्याचा उपयोग सर्वांनाच होतो.

स्पर्शाने कळणारी आकृती करणार असाल तर कमी रेषांची करा. सुरुवातीच्या काळात मी पुस्तकातील प्रत्येक नळी आणि प्रत्येक झडप लोकरीच्या धाग्याने चिकटवून एक आकृती केली होती. त्या मुलाची बोटे त्या जाळ्यात फिरत राहिली आणि शेवटी त्याने विचारले, 'बाई, हे नेमके काय आहे?' त्यानंतर मी एका आकृतीच्या दोन-तीन आकृत्या करू लागले: पहिल्या पानावर केवळ बाह्यरेषा आणि चार कप्पे, दुसऱ्यावर रक्तवाहिन्या, तिसऱ्यावर रक्ताचा मार्ग. भिंतींना जाड धागा, उजव्या कप्प्यांना खरखरीत सॅंडपेपर, डाव्या कप्प्यांना गुळगुळीत कागद आणि दोन रेषांमध्ये निदान तीन मिलिमीटर मोकळी जागा, एवढे पथ्य पाळले की बोटांना वाट सापडते. नावे आकृतीत दाटीने घालू नका. 'क', 'ख', 'ग' अशी खुणेची अक्षरे घालून सूची वेगळ्या पानावर द्या.

गणिताचे एक वेगळेच संकट आहे. 'एक भागिले दोन अधिक तीन' हे नुसते ऐकले तर अर्धा आणि तीन यांची बेरीज करायची की एकाला पाचाने भागायचे, हे कळत नाही. कागदावर ती आडवी रेघ डोळ्यांना सगळे सांगून जाते. अब्राहम नेमेथ या दृष्टिहीन गणितज्ञाने गणितासाठी जी ब्रेल संकेतपद्धती तयार केली आणि जी १९५२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात अपूर्णांक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो यासाठी स्वतंत्र खुणा आहेत. वर्गात बोलताना तुम्हीही तसेच बोला: 'अपूर्णांक सुरू, एक भागिले दोन, अपूर्णांक संपला, अधिक तीन.' टंकलिखित करताना समीकरण चित्र म्हणून चिकटवू नका; वर्ड प्रोसेसरमधील समीकरणाची सोय वापरा.

डिसलेक्सिया असलेल्या तुमच्या विद्यार्थ्याविषयी सहकारी जे म्हणतात, त्याचे उत्तर शांतपणे द्यायला हवे, कारण अनेक चांगले शिक्षकही प्रामाणिकपणे तसेच मानतात. अक्षरे ओळखून शब्द उलगडणे आणि शब्दांचा अर्थ समजणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. या मुलाची पहिली क्रिया कष्टाची आहे, दुसरी बहुधा नाही. वाचनाचा सराव त्याला रोज हवाच. पण तो वेगळ्या वेळी, त्याच्या पायरीच्या मजकुरावर आणि पद्धतशीर शिकवणीतून व्हायला हवा. विज्ञानाच्या तासाला त्याने प्रकाशसंश्लेषण समजून घ्यायचे आहे आणि तो शब्दच वाचताना त्याची सगळी शक्ती संपत असेल तर प्रकाशसंश्लेषण राहून जाते. अशी काही वर्षे गेली की त्याचे वाचन तर मागे राहतेच, शिवाय शब्दसंपत्ती आणि सामान्य ज्ञानही मागे पडते, आणि ते नुकसान डिसलेक्सियाने केलेले नसते. मजकूर समोर ठेवून, वाचला जाणारा शब्द पडद्यावर ठळक होत असताना तो ऐकत गेला तर कान आणि डोळा एकत्र काम करतात. ज्या तासाला वाचनकौशल्याचीच चाचणी आहे, तिथे मात्र आवाज देऊ नका, कारण तिथे मोजायचे आहे तेच आपण करून दिल्यासारखे होईल. या मुलांसाठी म्हणून जे खास फॉन्ट सांगितले जातात, त्यांच्या मागे लागू नका. अक्षरांमधील आणि ओळींमधील मोकळी जागा, आखूड परिच्छेद आणि दोन्ही कडांना न ताणलेला मजकूर यांचा उपयोग अधिक होतो.

'फाजील लाड' या शब्दाबद्दल एवढेच सांगते की, संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील चोविसावे कलम शिक्षणाचे आहे आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणे हे त्यात कर्तव्य म्हणून सांगितले आहे. हे तुम्ही एकट्याने उरावर घेण्याचे काम नाही, शाळेचे काम आहे. मुख्याध्यापकांकडे तसे लेखी मागा: आठवड्यातून एक तास साहित्य तयार करण्यासाठी आणि प्रत्येक विषयशिक्षकाने आपली पत्रिका किमान दोन आठवडे आधी एका सामाईक संग्रहात ठेवावी अशी सूचना.

कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी तुमच्या पत्रिका जवळजवळ तशाच चालतील. त्याची अडचण पत्रिकेबाहेर, बोलण्यात आणि चित्रफितींत आहे. चित्रफीत दाखवणार असाल तर तिला मथळे, म्हणजे बोललेले शब्द पडद्यावर अक्षरांत दाखवणाऱ्या ओळी, हव्यात, आणि यंत्राने आपोआप तयार केलेले मथळे आधी स्वतः वाचून दुरुस्त करायला हवेत, कारण पारिभाषिक शब्द तिथेच बिघडतात. मथळे वाचणे आणि चित्रातील प्रयोग पाहणे त्याला एकाच क्षणी जमणार नाही, म्हणून महत्त्वाच्या जागी फीत थांबवा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. तासाला येणाऱ्या नव्या शब्दांची अर्धे पान यादी त्याला आदल्या दिवशी द्या. आधी पाहिलेला शब्द ओठांवरून ओळखणे पुष्कळ सोपे जाते.

कायद्याच्या शंकेविषयी: छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करता याव्यात म्हणून २०१३ साली मराकेश येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २०१६ मध्ये अमलात आला. त्याच्या कक्षेत दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी व्यक्तींबरोबरच वाचनाची अक्षमता असलेल्या आणि शारीरिक अडचणीमुळे पुस्तक धरता किंवा पाने उलटता न येणाऱ्या व्यक्तीही येतात. म्हणजे तुमची विद्यार्थिनी आणि डिसलेक्सिया असलेला मुलगा, दोघेही त्यात बसतात. केवळ कमी ऐकू येणारा मुलगा बसत नाही. करार स्वीकारलेल्या देशांच्या कायद्यात अशा प्रतींसाठी सवलत असते. तीत केलेली फाइल त्याच विद्यार्थ्यांपुरती ठेवा, वर्गाच्या सामाईक गटावर टाकू नका. त्याआधी प्रकाशकाकडे पुस्तकाची मूळ डिजिटल फाइल अवश्य मागा, कारण ती मिळाली तर स्कॅन करण्याचे आणि तपासण्याचे सगळे श्रम वाचतात.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला दिसली नाही: या तिघांना काय हवे आहे, हे त्यांच्याच तोंडून. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हॅलेंतँ आउई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली आणि नेहमीचीच रोमन अक्षरे उठावदार छापून पुस्तके केली. हेतू उत्तम होता, पण अक्षरे डोळ्यांना सोयीची होती, बोटांना नव्हती; ती चाचपून वाचायला फार वेळ लागे आणि मुलांना ती स्वतः लिहिता तर येतच नसत. त्याच शाळेतील लुई ब्रेल या विद्यार्थ्याने सैन्यासाठी सुचवलेल्या बारा ठिपक्यांच्या लिपीवरून, बोटाच्या एका पेरात मावेल अशी सहा ठिपक्यांची लिपी तयार केली आणि ती १८२९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारायला मात्र त्याच्या मृत्यूनंतरचे १८५४ साल उजाडले. तुमची विद्यार्थिनी आता ब्रेलच्या उंबरठ्यावर आहे. दिसते आहे तोवर मोठी अक्षरे पुरेत, असे तिला कोणी सांगू नये. नजर साथ देत असताना ब्रेलचा हात बसला तर पुढचा बदल तिला सोपा जाईल, म्हणून छोट्या पत्रिका तिला दोन्ही रूपांत द्या.

तिघांशी एकेकट्याने, वर्गाबाहेर बोला. गेल्या आठवड्यात दिलेली पत्रिका कुठे अडली, किती वेळ लागला, घरी कोणाची मदत घ्यावी लागली आणि सर्वांदेखत वेगळा कागद हाती आल्यावर कसे वाटते, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कदाचित तुम्हाला दुखवेल, तरी विचारा. परीक्षेत त्यांना मिळणारी प्रश्नपत्रिका वर्षभर वापरलेल्याच स्वरूपात असावी, हेही त्याच वेळी ठरवून टाका. परीक्षेच्या दिवशी प्रथमच नवी सोय समोर आली तर ती मुलांना गोंधळातच टाकते.

सुरुवात म्हणून मागचे सगळे धडे सुधारायला बसू नका. दोन आठवड्यांनी जो धडा येणार आहे तोच घ्या, त्याची एकच पत्रिका युनिकोडमध्ये, शीर्षकांसह लिहा, त्यातील सर्वांत महत्त्वाच्या एका आकृतीचे वर्णन करा आणि तासाच्या आदल्या दिवशी फाइल त्या मुलीच्या फोनवर पाठवून द्या. ती पत्रिका तिने कशी वापरली आणि कुठे अडली, हे मला अवश्य कळवा. त्यावरून पुढच्या धड्याचे आपण ठरवू.